भिंतीपलीकडचा बँडसॉ

घरजावयाने घरात काय आणावं, याचे काही अलिखित संकेत असतात. मिठाई चालते, औषधं चालतात, फार तर एखादी कुंडी. चार माणसांनाही न उचलवणारा बँडसॉ, म्हणजे ओंडके चिरायचं मशीन, त्यात बसत नाही, हे जावयाला पक्कं ठाऊक होतं. विमा कंपनीत लोकांचे धोके तोलण्यात त्याची हयात गेली, पण सासूबाईंसमोर हा विषय काढायचा धोका काही त्याला तोलता येत नव्हता.

गरज मात्र खरी होती. मागच्या अंगणातलं सासऱ्यांनी लावलेलं शिरीषाचं झाड वादळात आडवं झालं. सासरे आता नव्हते. त्यांच्या झाडाच्या फळ्या कराव्यात आणि त्या फळ्यांचं जेवणाचं टेबल, असं जावयाच्या मनात होतं. वखारवाला खोड बघूनच मागे सरला. "घरचं झाड नको साहेब. पोटात काय निघेल, भरवसा नाही." त्याचं खरंच होतं. सासऱ्यांनी कपड्यांच्या दोरीसाठी त्यात जन्मभर खिळे ठोकले होते. ओंडके विटांवर पडून होते, टोकांना भेगा पडू लागल्या होत्या. घरीच चिरायचं, नाहीतर सरपण.

अडचण एवढीच की, मशीन जिथे बसवायचं ते घरातलं वर्कशॉप आणि सासूबाईंची खोली यांत एकच भिंत होती, आणि सासूबाई दुपारी झोपत.

"आईलाच दुकानात घेऊन जाऊ," बायको म्हणाली.

"म्हणजे खटल्याआधीच फाशी."

दुकानदाराने आधी लहान मशीन दाखवलं. जाड लाकूड लागताच ते किंचाळू लागलं. दुकानदाराने मशीनच्या टेबलावर एक नाणं कडेवर उभं केलं, ते थरथरलं आणि पडलं.

"दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या. "माझी कवळी हलली."

जावयाने आशा सोडली. धाकट्याची ही कथा, तर थोरला काय दिवे लावणार? थोरला कोपऱ्यात कपाटासारखा उभा होता, बिडाच्या चाकांचा. सासूबाईंनी खुर्ची मागितली, पर्स मांडीवर घेऊन थोडा वेळ तिच्यात काहीतरी चाचपलं आणि टेकून बसल्या. मशीन सुरू झालं. घरघर चांगली मोठी होती, पण नाणं उभंच राहिलं आणि लाकडातून पातं लोण्यातून सुरी जावी तसं गेलं.

"अहो," बायको त्याच्या कानाशी म्हणाली, "आई झोपली."

मान कललेली, तोंड किंचित उघडं. दुकानदार म्हणाला, "इतकी वर्षं विकतोय, ही चाचणी नवीन आहे."

मशीन थांबलं तशा त्या जाग्या झाल्या आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "हाच घ्या, जावईबापू. यांच्या झाडाला तो लहानगा पुरायचा नाही."

बाहेर गाडीचं दार उघडून जावई म्हणाला, "आई, पायरी सांभाळा." उत्तर नाही. पुन्हा म्हणाला. नाही. सीटवर बसल्यावर त्यांनी पर्स उघडली, रुमालाच्या घडीतून कानातलं यंत्र काढलं आणि शांतपणे कानात बसवलं. तेवढ्यात नजरानजर झाली.

"काही म्हणालात?"

"पट्टा लावा म्हणालो."

या घरातून त्याला पुष्कळ मिळालं होतं: छप्पर, वर्कशॉपची किल्ली, बायको. मिळालेल्याचे आभार मानता येतात. काढून ठेवलेल्या यंत्राचे कसे मानायचे, ते त्याला कळेना. म्हणून बँडसॉ आल्यावर त्याने तो दुपारी सुरूच केला नाही.

एका दुपारी भिंतीवर थाप पडली. तो धावत गेला. सासूबाई पलंगावर आडव्या होत्या. यंत्र खिडकीत ठेवलेलं होतं.

"बंद का तुमचं?"

"तुम्ही झोपता ना, म्हणून…"

त्यांनी कानाकडे बोट दाखवून हात हलवला. "यांचं झाड तिकडे भेगाळतंय आणि तुम्ही मला जपताय. जा, सुरू करा." तो वळला तेव्हा म्हणाल्या, "आणि आत खिळा लागला तर टाकू नका. मला आणून द्या."

खिळा लागलाच. पात्याचे दात गेले. पण पातं बदलता येतं. बोटभर गंजका खिळा त्याने पुसला आणि त्या झोपल्या आहेत असं बघून खिडकीत यंत्राशेजारी ठेवला. दाराशी पोहोचला तेव्हा मागून आवाज आला, "वाकडाच ठोकलाय. हे दोरी तरी कधी सरळ बांधायचे?"