जास्तीची भेट

कोर्टाच्या कामाची मनोविकारतज्ज्ञ हा एक विचित्रच प्रकार असतो. आजार ओळखायचा, पण बरा करायचा नाही. समोर बसलेल्याला आधीच बजावायचं, की मी तुमची डॉक्टर नाही, कोर्टाची आहे, तुम्ही जे बोलाल ते न्यायाधीशांपुढे जाईल. आणि लगेच म्हणायचं, हं, आता मोकळेपणाने बोला. कोण बोलेल हो? पण माणसं बोलतात. घटकाभरात ती ताकीद विसरतात, कारण मध्ये न तोडता ऐकणारं कुणी त्यांना आजवर भेटलेलंच नसतं.

आपल्या या डॉक्टरीणबाईंचं निम्मं आयुष्य असं ऐकण्यात गेलं होतं. नवरा होता तोवर घरी बोलायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते तो दोघांच्या वाटणीचं करायचा. पेपर मोठ्याने वाचायचा, वाचता वाचता मंत्र्यांना झापायचा, भाजीवाल्याशी झालेला संवाद दोन्ही आवाजांत करून दाखवायचा. बाई म्हणायच्या, "अहो, जरा गप्प बसा ना." दोन वर्षांपूर्वी तो गप्प बसला तो कायमचा. तेव्हापासून बाई संध्याकाळी कामावरून निघताना उगीचच टेबल आवरत बसायच्या. आवरायला काही नसलं तरी.

त्यांच्याकडे आलेल्या माणसाला त्याची मोठी बहीण, त्याची ताई, भिंगरी म्हणायची. लहानपणी एका जागी टिकायचा नाही, म्हणून भिंगरी. पस्तिशीला आला तरी नाव सुटलं नाही आणि खोडही. इमारतींचे नकाशे काढायचा. हात सुरेख, पण एक नकाशा धड पुरा होईल तर शपथ. अर्ध्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा. शेवटी एका डॉक्टरांनी त्याचं निदान केलं आणि लक्ष टिकण्याची गोळी दिली. रोज सकाळी एक. आणि खरं सांगायचं तर भिंगरीची गाडी रुळावर आली. त्या गोळीला उगाच नावं ठेवू नका, कितीतरी माणसं तिच्या आधाराने नीट जगतात. पण भिंगरीने एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार केल्या. झोप उडाली. मग खालच्या मजल्यावरचे आजोबा भिंतीतल्या पाइपातून बोलताना त्याला ऐकू यायला लागले. ते आपले नकाशे पळवायचा कट करताहेत, अशी त्याची खात्रीच पटली. एका सकाळी जिन्यात गाठून त्याने आजोबांना ढकललं. त्यांचं कंबरडं मोडलं. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला म्हातारा. आता त्यांना जिना चढता येत नाही. स्वतःचं घर जिना चढून वर, आणि ते पुतण्याच्या तळमजल्यावरच्या घरात, परक्या खिडकीशी.

कोर्टाने बाईंना एकच प्रश्न विचारला होता. ही गोळी जास्त घेतली तर आपलं डोकं फिरतं, हे याला आधी माहीत होतं का? माहीत नसेल तर इस्पितळ, उपचार आणि मग ताईच्या घरी. माहीत असूनही घेतली असेल तर तुरुंग. सगळं घोडं तिथंच अडलेलं.

बाईंनी दोनदा त्याची भेट घेतली. जुनी कागदपत्रं वाचली, गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्या, तुरुंगात गोळी थांबल्यावर चारच दिवसांत आवाज बंद झाले हे पहारेकऱ्यांकडून पक्कं केलं. ताईलाही बोलावून घेतलं. ताई शिवणकाम करणारी, बोलताना बोटांनी स्वतःच्या ओढणीची शिवण चाचपत राहणारी. "त्याची खोली तयार ठेवलीय," ती म्हणाली. "रंगसुद्धा दिला." यापूर्वी असं काही झालं होतं का, असं विचारल्यावर तिने मान हलवली. "झालं असतं तर मला सांगितलं असतं त्याने."

उत्तर समोर होतं. त्याला माहीत नव्हतं. अहवालाचा मसुदाही झाला. आता सही करायची आणि मोकळं व्हायचं. आणि तरी बाईंनी तिसऱ्या भेटीची वेळ मागितली.

कारण विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं, खात्री करून घ्यायला. कुणी विचारलं नाही. तुरुंगातली ती भेटीची खोली म्हणजे बोडकं टेबल, जमिनीला ठोकलेल्या दोन खुर्च्या आणि काचेपलीकडे जांभया देणारा पहारेकरी. पण भिंगरी तिथं बोलायला लागला की खोली भरून जायची. एका दमात पूल, पायऱ्या, चुकीच्या जागी काढलेली दारं, ऑफिसातल्या साहेबांची नक्कल. मागच्या भेटीत बाई खळखळून हसल्या होत्या आणि पहारेकऱ्याने दचकून पाहिलं होतं. घरी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कितीतरी महिन्यांनी हसलो.

तिसऱ्या भेटीत विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाईंनी नेहमीची ताकीद दिली, त्याने नेहमीसारखी मान डोलावली. मग त्याने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घरी कोण कोण आहे?"

असं विचारलं की उत्तर द्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. बाई म्हणाल्या, "मी एकटीच."

भिंगरीचा सतत हलणारा पाय थांबला. "मग तुम्हाला कळेल," तो म्हणाला. "मागच्या वर्षी पण—"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "थांबा," त्या म्हणाल्या. "मी कोर्टाची आहे. आत्ताच सांगितलंय तुम्हाला. हे बोलायचं असेल तर आधी वकिलांशी बोला."

"ते माहितीय मला."

"हे तुमच्या विरुद्ध जाईल."

"जाऊ दे. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?" तो म्हणाला. "ताईला सांगितलं तर ती रडेल."

आणि त्याने सांगितलं. मागच्या वर्षीही त्याने अशाच गोळ्या वाढवल्या होत्या आणि आजोबांचा आवाज तेव्हाही आला होता. तेव्हा ते चांगलं बोलायचे. रेघ बरोबर आली म्हणायचे, आता जेवून घे म्हणायचे. हे गोळ्यांमुळे होतंय हे त्याला समजलं. घाबरून त्याने गोळ्या बंद केल्या, आणि आठवड्याच्या आत सगळं थांबलं. "डोकं ठिकाणावर आलं," तो म्हणाला. "पण घर खायला उठलं हो. कामावरून आलो की चार भिंती. महिनाभर सहन केलं. मग पुन्हा वाढवल्या. म्हटलं, बोलतील जरा. या वेळी ते तसं बोलतील असं वाटलं नव्हतं."

बाईंना त्याचा राग आला. असा मूर्खपणा करतं का कुणी, असं त्यांना ओरडून म्हणावंसं वाटलं. मग वाटलं, उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. दोन्हीपैकी काहीच करता येत नव्हतं. त्यांनी लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी मसुदा समोर घेऊन त्या बसल्या. पहारेकऱ्याला काचेपलीकडे काही ऐकू जात नाही. ही भेट झाली, नवीन काही निघालं नाही, एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. भिंगरी ताईच्या रंगवलेल्या खोलीत गेला असता. बाईंनी ते वाक्य लिहिलंही. मग त्यांना परक्या खिडकीशी बसलेले आजोबा आठवले. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि खरं ते लिहिलं.

कोर्टात त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा भिंगरी लक्ष देऊन ऐकत होता, मधूनच मान डोलावत होता. आपलं बोलणं जसंच्या तसं उतरलंय याचंच त्याला बरं वाटत असावं. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. नेताना त्याने बाईंकडे पाहून हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

बाहेर जिन्यापाशी ताई उभी होती. डोळे कोरडे होते. बाईंना टाळून जाता आलं नाही.

"वकील म्हणाले, दोन भेटींत तुमचं काम झालं होतं," ताई म्हणाली. "अहवालसुद्धा तयार होता. मग तिसऱ्यांदा कशाला आलात?"

खात्री करायला, हे उत्तर बाईंच्या जिभेवर आलं होतं. कुठल्याही न्यायाधीशाने ते मान्य केलं असतं. ताईच्या तोंडाकडे बघून त्यांना ते म्हणवेना.

"माझ्या घरी कुणी नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी बोललं की बरं वाटायचं. मला घरी जायचं नव्हतं."

आता ताई शिव्या देईल, असं बाईंना वाटलं. दिल्या असत्या तर त्यांना चाललं असतं.

"त्या दिवशी सकाळी तुरुंगातून त्याचा फोन आला होता," ताई म्हणाली. "म्हणाला, डॉक्टर पुन्हा येणार आहेत. पहारेकऱ्याच्या मागे लागून दाढी करून घेतली होती त्याने."

मग ती कठड्याला धरून हळूहळू जिना उतरायला लागली.