खारुताई, डोळे मीट

माझ्या नवऱ्याला स्वतःच्या आवाजाचा भारी अभिमान. आवाज त्याचा, तोंड मात्र नेहमी दुसऱ्याचं, कारण तो डबिंग करतो. टूथपेस्टच्या जाहिरातीतला डेंटिस्ट तो, नळाला पाणी आलेलं बघून हरखणारा म्हाताराही तोच. आमच्या चौदा वर्षांच्या लेकीला यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. म्हणून तिचा अख्खा वर्ग ज्या जपानी ॲनिमेवर जीव टाकत होता, ते आपल्या भाषेत येणार आणि त्यात याला काम मिळालं, तेव्हा गडी हवेतच गेला. "आता बघ," मला म्हणाला, "आता बाबाची कॉलर टाइट!"

काम कुणाचं, तर नाकापर्यंत मुखवटा घालून गावंच्या गावं कापून काढणाऱ्या सेनापतीचं.

"तिने बघावं की नाही, ते तू ठरव," असं म्हणून त्याने निर्णय माझ्या गळ्यात मारला. वाईटपणा घ्यायचा असला की या घरात पहिला नंबर माझा. वर शिक्का होता तेरा वर्षांपुढच्यांसाठी, पण नुसत्या शिक्क्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. सुरुवातीचे भाग मी तिच्या शेजारी बसून बघितले. हात तुटत होते, रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या आणि लेक बिस्किटं खात होती. "आई, उशी काय आवळून धरलीयस? चित्रं आहेत ती!" दचकत मीच होते, ती ढिम्म. झोप नीट होती, अभ्यास नेहमीइतकाच वाईट होता. म्हटलं, बघू दे. रक्त तेवढं मी तपासलं, आवाज तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सेनापती येतो तो भाग त्याने मलाही आधी बघू दिला नाही. गंमत आहे म्हणाला. रविवारी दुपारी तिघं बसलो. पडद्यावर जळकं घर, कपाटाआड लपलेली एक लहान मुलगी. सेनापती वाकतो, तलवार पाठीमागे धरतो आणि फार मायेने म्हणतो, "खारुताई, डोळे मीट."

खारुताई हे आमच्या लेकीचं घरातलं नाव. तिच्यासाठी काही आणलं की ते पाठीमागे लपवून हा माणूस दारातून हेच म्हणतो, अगदी याच सुरात, ती एवढीशी होती तेव्हापासून. मग ती डोळे मिटून हात पुढे करते.

पडद्यावर तलवार खाली आली. लेक उठून आत गेली.

"अरे, दुसरं काही सुचलं नाही तुला?" मी ओरडले.

तो पांढराफटक पडला होता. "स्क्रिप्टमध्ये नुसतं 'बाळ' होतं गं. त्याचे ओठ हलतच राहायचे, शब्द कमी पडायचा. रेकॉर्डिस्ट म्हणाला, चार अक्षरांचं काहीतरी टाका. तोंडात आलं ते बोललो. वाटलं, खूश होईल."

मी स्टुडिओत फोन केला, तेवढं वाक्य बदलता येईल का म्हणून. "काय बोलताय ताई!" तिथली बाई म्हणाली. "तोच डायलॉग तर हिट झालाय." खोटं नव्हतं ते. शाळेत पोरं एकमेकांच्या मानेवर पट्टी ठेवून तेच म्हणत होती. ते नाव आपलं आहे, हे लेकीने तिथे कुणाला सांगितलं नाही.

ती चिडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती आपली समजूतदारपणे म्हणाली, "कळतं गं मला, तो बाबाच आहे. काही झालेलं नाही." पण त्याने पाठीमागून जेवायला हाक मारली की तिचे खांदे वर जायचे. ते तिच्याही हातात नव्हतं आणि आमच्याही. तो घरात कमी बोलायला लागला. मग उगाच बारीक, वेगळा आवाज काढून बोलायला लागला. तो ऐकला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

काल संध्याकाळी तो तिला हवे असलेले ब्रशपेन घेऊन आला. सवयीने हात पाठीमागे गेलेले. दारात उभा राहिला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तिने त्याच्याकडे बघितलं, मग पाठीमागे गेलेल्या हातांकडे. त्याला वाईट वाटू नये म्हणून पोरीने आपणहून डोळे मिटले, हात पुढे केले. पापण्या नुसत्या फडफडत होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "लवकर कर."