दोनशे बारावा पेशंट

दोनशे बाराव्या पेशंटचा अहवाल आला तेव्हा ताई डबा उघडून बसली होती. अहवालावर तिची एक सही झाली की सहा वर्षांचं काम संपणार होतं. सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं की शेवटच्या दिवशी आनंदाऐवजी नुसती झोप येईल, तर तिला ते खरं वाटलं नसतं. पण आता खरोखरच तिला कुठेतरी आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं.

हॉस्पिटलातल्या संशोधन विभागात तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे पेशंटसुद्धा. विभाग म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, एक खाट, ठोक्यांचा आलेख काढायचं एक मशीन आणि ताई. ज्यांच्या हृदयाचा ठोका मधेच भरकटतो अशा लोकांचा हा अभ्यास होता. हृदयाच्या ज्या कोपऱ्यातून नसती लुडबुड सुरू होते, त्याच्याभोवती बारीक चटके देऊन कुंपण घालायचं, असा तो उपचार. निम्म्या पेशंटांना ते छातीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन छोटी भोकं पाडून दुर्बिणीने घालायचं आणि निम्म्यांना मांडीतून नळी वर नेऊन. त्यातलं चांगलं कोणतं ते ठरवायला वर्षभर सगळ्यांच्या मागे लागायचं. डॉक्टर तासाभरात कुंपण घालून मोकळे होत. मागे लागायचं काम ताईचं होतं.

आणि लोकांच्या मागे लागणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. कुणी फोन उचलत नाही, कुणी उचलतो आणि जावयाची गाऱ्हाणी सांगतो. एक बाई तर दर वेळी 'मी गेले असं लिहा' म्हणून फोन ठेवायच्या. या सगळ्यांना गोडीगुलाबीने खोलीत आणून बसवायचं, थकव्याबद्दलचे वीस प्रश्न विचारायचे आणि वर्षाच्या शेवटी छातीवर तीन चिकट्या लावून एक छोटं यंत्र सात दिवसांसाठी बांधून द्यायचं. त्या सात दिवसांत ठोका सलग तीस सेकंद भरकटला, की पेशंट नापास. एकोणतीस सेकंद भरकटला तर पास. हा नियम कुणी केला, असं लोक विचारत. ताई म्हणायची, 'मी नाही केला.'

अहवालात लिहिलं होतं: तिसरा दिवस, सकाळी साडेनऊ, ठोका अनियमित, सलग अकरा मिनिटं. नापास.

तिने डबा मिटला. दोनशे बारावा पेशंट म्हणजे लिफ्टकाका. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले, आणि राहायला बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. हा विनोद ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र त्यांचं हसू पार मावळलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं होतं, "पुन्हा त्या टेबलावर मी चढणार नाही. मेलो तरी चालेल." आणि नियम असा, की वर्षअखेरीला नापास झालेल्याला डॉक्टर दुसऱ्या उपचारासाठी पुन्हा बोलावणार. म्हणजे काकांना आता त्याच टेबलावर चढायचं होतं, आणि ते त्यांना ताईनेच सांगायचं होतं.

तिने फोन लावला. काकांनीच उचलला.

"काका, रिपोर्ट आलाय. जरा बिघडल्यासारखं दिसतंय हो. उद्या येता का? डॉक्टरांशी बोलू."

ताईला वाटलं, आता रडतील नाहीतर ओरडतील. दोन्हीची तिला सवय होती.

"कुठल्या दिवशी बिघडलं?" काकांनी विचारलं.

"तिसऱ्या."

"किती वाजता?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "सकाळी साडेनऊला. अकरा मिनिटं."

"साडेनऊ," काका म्हणाले. "म्हणजे भाजी घेऊन..." आणि थांबले. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "येतो. आम्ही दोघंही येतो."

दोघं तर ते नेहमीच यायचे. काका लिफ्टने आणि काकू जिन्याने. लिफ्ट कशी बिघडते हे चाळीस वर्षं घरात ऐकल्यावर लिफ्टमध्ये पाय ठेवायची हिंमत कुणाची होईल, असं काकूंचं म्हणणं. एका मजल्याचा तर जिना. पण काका खुर्चीत बसून, पाणी पिऊन, रक्तदाब मोजून घेईपर्यंत काकू दारात उगवायच्या नाहीत. उगवल्या की चौकटीला हात टेकून उभ्या राहायच्या. ताई म्हणायची, "काकू, लिफ्टने आला असतात तर केव्हाच पोचला असतात." त्या हसायच्या, पण काही बोलायच्या नाहीत. बोलायला श्वास लागतो, हे ताईच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ताईने सही करायला पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. काकांचा तो प्रश्न तिला टोचत होता. आलेखांची तपासणी दुसऱ्या शहरातलं कार्यालय करायचं, तिने ते पाहायची गरज नव्हती. पण सहा वर्षांच्या सवयीने तिने पडद्यावर सात दिवसांचा आलेख उघडला.

पहिले तीन तास काकांचेच होते. त्यांचा ठोका तिने गर्दीतही ओळखला असता. प्रत्येक ठोक्याची रेघ पायाशी रुंद, पसरट. पहिल्या दिवसापासून तशीच, निरुपद्रवी खोड होती ती. मग दुपारी सव्वादोनला आलेख बारा मिनिटं कोरा. आणि त्यानंतर पुढचे सहा दिवस अरुंद, टोकदार, घाईघाईने पडणारे ठोके.

यंत्रांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने यंत्रावरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला. बरोबर होता. मग पेशंटने भरायची रोजनिशी काढली. त्यावर काकूंचं गोल, नीटस अक्षर. 'दुपारी दोन ते चार झोप. त्रास काही नाही.' रोज तेच. त्या झोपेच्या वेळी यंत्रातला माणूस मात्र मिनिटाला शंभर ठोके पडावेत असं काहीतरी उचलत, घासत, वाकत होता. धडधडलं तर दाबायचं म्हणून यंत्राला एक बटण असतं. ते सात दिवसांत एकदाही दाबलेलं नव्हतं.

ताईला सगळ्यात आधी काय आलं असेल तर राग. साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात जावी असा. सहा वर्षं, दोनशे बारा माणसं, आणि शेवटच्याने ही थट्टा करावी? पुन्हा यंत्र लावायची मुदत परवाच संपली होती. हा आकडा आता कायमचा गेला होता. रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं. त्या टोकदार ठोक्यांत साडेनऊची ती अकरा मिनिटं होती, आणि ती कुणाची तरी होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं आले, आणि या वेळी दोघंही लिफ्टने. काकांनी काकूंचा कोपर घट्ट धरला होता. काकू तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या, "आवाज बघा कसा करतेय ती, तेल नाही वाटतं." लिफ्टला नावं ठेवायची संधी काकांनी पहिल्यांदाच सोडली असेल.

खोलीत पेशंटची एक खुर्ची होती आणि सोबत आलेल्याचं एक स्टूल. वर्षभर काकू त्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आज त्या स्टुलाकडे वळल्या तशी काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पिशवी काढून घेऊन स्वतः स्टुलावर बसले.

"अहो, हे काय?"

"तू गप्प बस. ताई, ते माझं नव्हतं."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली.

काका दचकले. काकू मात्र दचकल्या नाहीत. चोरी पकडली गेली की काही माणसं उलट ताठ बसतात, तशा बसल्या.

"ह्यांचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र लावायच्या आदल्या आठवड्यात ह्यांना जरा धडधडलं होतं. दोन रात्री झोप नाही. मला म्हणायला लागले, यंत्रात सापडलं तर पुन्हा टेबलावर. लेकरागत रडले हो. मी म्हटलं, आणा इकडे. मला काय धाड भरलीय? माझं हृदय ठणठणीत. सात दिवस मी घालते, पास होऊन जाऊ, तुमचंही काम होईल, ह्यांचीही सुटका. जास्तीच्या चिकट्या तुम्हीच दिल्या होत्या."

"आणि धडधडल्यावर बटण का नाही दाबलंत?"

"कसं दाबणार? ह्यांच्या नावावर लागलं असतं ना!"

ताईने काकूंचा हात हातात घेतला. कातडी कोरडी, बोटं घासून खरखरीत झालेली. मनगटावर बोटं ठेवून ती घड्याळाकडे पाहायला लागली, पण मोजणं जमलं नाही. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन लागोपाठ, एक अगदी पुसट. कशाचा कशाला मेळ नव्हता. ही बाई वर्षभर तिच्यापासून हातभर अंतरावर बसत होती. रक्तदाबाचं यंत्र टेबलावरच होतं. तिने ते एकदाही त्या बाजूला फिरवलं नव्हतं, कारण स्टुलावर बसणाऱ्याचा अभ्यासात समावेश नव्हता. ताईला स्वतःची लाज वाटली.

तिने काकूंना खाटेवर झोपवून आलेख काढला आणि डॉक्टरांना बोलावलं. ते ऑपरेशनमधून तसेच आले होते, कपाळावर टोपीचा वळ, डोळे तांबारलेले. त्यांनी आलेख पाहिला, ताईने सांगितलेलं सगळं उभ्याउभ्या ऐकलं. दोनशे बारा ऐवजी दोनशे अकरा, हे त्यांच्या चेहऱ्यावर एक क्षण स्पष्ट दिसलं.

"जे झालं ते तसंच लिहा," ते ताईला म्हणाले. "काकांचं आपण वेगळं पाहू, अभ्यासाबाहेर. टेबलाचा विषय आज नाही." मग काकूंकडे वळले. "तुमच्या हृदयात तेच आहे, जे काकांना होतं. याने गुठळी होऊ शकते, म्हणून औषध आजपासून. बाकीच्या तपासण्या उद्या. घाबरू नका, वेळेत सापडलंय."

"उद्या नको," काकू म्हणाल्या. "उद्या ह्यांच्या डोळ्यांची तारीख आहे."

"पुढे ढकल की ती तारीख!" काका एवढ्या जोरात ओरडले की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. मग तेच बाहेर जाऊन खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले. पिशवी त्यांच्या हातातच होती. ती कशी धरायची, हे त्यांना कळत नव्हतं. कधी धरलीच नव्हती.

डॉक्टर गेले. ताईने आपल्या वहीत लिहिलं: 'दोनशे बारा. सात दिवसांची नोंद दुसऱ्या व्यक्तीची. ग्राह्य नाही.' सहा वर्षांच्या कामाची शेवटची ओळ ती हीच. तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायलाही अंगात जरा त्राण लागतं.

मग तिने कपाटातून त्या वीस प्रश्नांचा एक कोरा कागद काढला. त्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता. अभ्यास संपला होता आणि काकू त्यात कधीच नव्हत्या. तरी ती स्टूल ओढून खाटेशेजारी बसली.

"काकू, गेल्या चार आठवड्यांत थकवा किती जाणवला? अजिबात नाही, थोडा, बराच, की खूप?"

काकूंनी सवयीने दाराकडे पाहिलं, काका काय सांगतात ते ऐकायला. काका बाहेर होते.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच."

"खूप," त्या म्हणाल्या. शब्द नीट उच्चारता येतो का ते पाहावं, तसं पुन्हा एकदा म्हणाल्या, "खूप."

ताईने खूण केली. "आणि हे कधीपासून?"

"झाली की दोन-अडीच वर्षं. ह्यांचं सुरू व्हायच्या आधीपासून."

"आधीपासून? मग तेव्हाच का नाही दाखवलंत?"

काकूंनी छातीवरच्या चिकट्यांवर पदर ओढला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. भाजी महाग का झाली हे समजावून सांगावं, तसं त्यांनी सांगितलं.

"दाखवणारच होते, ताई. एवढ्यात ह्यांचं निघालं. घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं असतं. म्हटलं, आधी ह्यांचं होऊ दे."