उत्तरद्वाराचा पहारेकरी

हात्सुयोचा फोन आला तेव्हा मी दुकानात शर्टांना इस्त्री करत होते. हात्सुयो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमिएची, सासरची शेजारीण, वर डोंगरात तोचिझावाला राहते. तिचा फोन म्हणजे अर्धा तास गेलाच. त्या दिवशी मात्र ती सरळ मुद्द्यावर आली.

"किकुएसान, रविवारी आमच्या गावचं नाटक आहे. साथीमुळे यंदा प्रेक्षक नाहीत, ऑनलाइन दाखवणार आहेत. सुमिएला बघू देऊ नका."

"का बरं? दर वर्षी तेच तर करता. तोच कापडी घोडा, तीच वाकडी तलवार."

"यंदा ते नाही. त्याला वीस माणसं लागतात. चारच्या वर माणसं स्टेजवर नकोत, असा नियम आहे. मग कोठारातून 'उत्तरद्वार' काढलं. चौतीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. पहारेकऱ्याचं काम तोराओसान करताहेत."

मी इस्त्री उभी करून ठेवली आणि स्टुलावर बसले.

'उत्तरद्वार' आमच्या डोंगरपट्ट्याबाहेर कुणाला ठाऊक नसेल. किल्ला पडलाय. जिंकलेल्यांचा सरदार एका पेटीत मुंडकं घेऊन येतो आणि उत्तरद्वाराच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारतो, हे तुझ्या धाकट्या धन्याचंच ना? ते धन्याचं नसतं. पहारेकऱ्याच्या पोराचं असतं. धन्याचं चिलखत घालून तो मेलेला असतो. म्हाताऱ्यानं बघायचं आणि म्हणायचं, "होय, धाकटे धनीच." डोळ्यांत पाणी आलं तर संपलं. खरा धनी शोधून त्यालाही मारतील.

"आणि हे काम तुम्ही तोराओसानांना दिलंत?" मी विचारलं.

"दिलं कुठे हो! संवाद येतात ते त्यांनाच. त्यांच्या वडलांनी केलं होतं, तेव्हाचं ऐकून पाठ आहे. मीटिंगमध्ये सगळे माना खाली घालून बसले होते. शेवटी तेच म्हणाले, मी करतो. नको म्हणायला तोंड कुणाला होतं?"

तोराओ म्हणजे माझ्या बहिणीचा, सुमिएचा नवरा. लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतो. त्यांना एकच मुलगा होता, युझुरू. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात, बर्फ झालेल्या रस्त्यावरून त्याचा छोटा ट्रक घसरला आणि धरणात गेला. एकोणीस वर्षांचा होता. अकराव्या दिवशी सापडला. पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलं, तेव्हा तोराओ सुमिएला म्हणाला, "तू बाहेर बस." ती बाहेर बाकावर बसली. बऱ्याच वेळानं तो आला, म्हणाला, "युझुरूच आहे. कागदावर शिक्का मारून आलो." मग पोलिसांना वाकून धन्यवाद दिले. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. अंत्यविधीत त्याचे डोळे कोरडे, आणि तिसऱ्या दिवशी वखारीत करवत सुरू. वर्षश्राद्ध झाल्यावर सुमिए एक बॅग घेऊन तोयोहाशीला माझ्याकडे आली. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात तिला काम मिळालं. घटस्फोट नाही, भांडण नाही. नुसती आली.

फोनचं तिला सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. रात्री जेवताना तीच म्हणाली, "ताई, रविवारी दुपारी तुझा टीव्ही लागेल मला."

"कशाला?"

"उगीच भोळेपणाचा आव आणू नकोस. हात्सुयोचा फोन येऊन गेला ना? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला गावाकडून पत्रक आलंय."

"सुमिए, कशाला जखम उकरायची?"

"मला बघायचंय त्याला. ते तोंड घेऊन तो परत एकदा 'होय' कसा म्हणतो, ते बघायचंय." असं म्हणून तिनं मुळ्याचं लोणचं घेतलं आणि कडाकडा चावलं.

रविवारी ती बाहेर जायचे कपडे घालून टीव्हीसमोर जमिनीवर ताठ बसली. मी लॅपटॉपची वायर जोडली. गावचं जुनं लाकडी स्टेज दिसलं, समोर रिकाम्या चटया. बाजूला बघणाऱ्यांचे शेरे येत होते. सत्तावीस माणसं बघत होती, बहुतेक गाव सोडून गेलेली. "माझ्या आजोबांनी रंगवलेला पडदा!" "आवाज वाढवा." "गायक म्हातारा झाला की हो."

तोराओ आला. पांढरा रंग फासलेला चेहरा, कापसाच्या भुवया. मी ओळखलं नसतं. सुमिएनं चालीवरून ओळखलं. "डावा गुडघा अजून दुखतोय," ती म्हणाली, ते रागानं की कशानं, कळलं नाही.

सरदार झाले होते निवृत्त पोस्टमास्तर नागाता, हात्सुयोचे यजमान. पेटी पुढे सरकवून ते गरजले, "उघड, आणि नीट बघून सांग!"

तोराओनं झाकण काढलं. आत लाकडात कोरलेलं मुंडकं, खऱ्या केसांचं. त्यानं त्याच्याकडे पाहिलं. इथे वाद्य थांबतं, पाच आकडे मोजायचे आणि संवाद म्हणायचा, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तो बोललाच नाही.

बाजूला शेरे येऊ लागले. "अडकलं का?" "माझ्याकडेही थांबलंय." "डोंगरात नेट असंच." मी पण तेच समजले आणि उठून लॅपटॉपकडे गेले.

"हात लावू नकोस," सुमिए म्हणाली. "अडकलेलं नाही. समईची ज्योत हलतेय बघ."

खरंच हलत होती. मागून काळ्या कपड्यातल्या माणसानं हळूच संवाद सांगितला, आम्हाला ऐकू आला. तोराओ ढिम्म. मग त्यानं दोन्ही हातांनी मुंडकं पेटीतून वर काढलं. असं नाटकात नाही. ते मांडीवर घेतलं, बाही पुढे ओढली आणि त्याचा चेहरा पुसायला लागला. आधी कपाळ. मग डोळ्यांचे खळगे. नाकपुड्या. ओठांच्या कडा. चिखल काढावा तसा, घाई न करता. कानावरचे केस बाजूला सारून कानामागे बघितलं. मग मान वर करून म्हणाला, "होय. हा माझाच."

सुमिएचा श्वास मला ऐकू आला.

नाटक तिथेच मोडलं होतं. पहारेकऱ्यानं माझाच म्हटल्यावर धाकटा धनी मेलाच की! गायक तोंड उघडं टाकून बघत राहिला. वाचवलं ते नागातांनी. सत्तरी उलटलेला माणूस, जागचा न हलता, आवाज जरा खाली आणून म्हणाला, "वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, म्हाताऱ्या. पुन्हा सांग. सावकाश सांग."

तोराओनं मुंडकं पेटीत ठेवलं. झाकण लावलं. "होय," तो म्हणाला, "धाकटे धनीच."

नाटक पुढे शेवटपर्यंत गेलं. शेरे धो धो येत होते. "काय काम केलंय!" "अंगावर काटा आला." "जुन्या प्रतीत हे असंच आहे का?" सुमिएनं टीव्ही बंद केला आणि माझा फोन मागितला. तिच्याकडे त्याचा नंबर उरला नव्हता.

अर्धा तास कुणी उचलला नाही. मग त्याचा आवाज आला. तिनं स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"मी बोलतेय," ती म्हणाली. एकोणीस वर्षं त्यांनी एकमेकांना आई आणि बाबा अशीच हाक मारली होती. आता दोघांकडेही हाकेला शब्द नव्हता.

"बघितलंस?"

"बघितलं. त्या दिवशी तुम्ही असं पुसलंत त्याला?"

"हो. हात लावू नका म्हणाले होते. ते वळले तेव्हा पुसलं. नाहीतर ओळखू कसा येणार? अकरा दिवस पाण्यात होता. कानामागचा व्रण सापडेपर्यंत मला खात्री नव्हती."

"आणि मी बाहेर बाकावर बसले होते."

"तुला दिसू नये म्हणून..."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" ती ओरडली. चार वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. "न्हाऊमाखू मी घातलं त्याला. तो व्रण, तो माझ्या कात्रीनं झालेला. मी एका क्षणात ओळखला असता! तुम्ही रडला नाहीत म्हणून मी गेले असं वाटतं ना तुम्हाला? सगळा एकट्यानं बघून घेतलात, म्हणून गेले. मला काय ठेवलंत? शिक्का!"

मग तो म्हणाला, "माझं चुकलं." आणि पुन्हा, "पण तू बघितलं असतंस तर जगली नसतीस."

"ते तुम्ही ठरवायचं नव्हतं. मी येते. सगळं सांगायचं. केसापासून नखापर्यंत, काही गाळायचं नाही."

पुढच्या शुक्रवारी कारखान्यात रजा टाकून ती गेली. तीन दिवस राहिली. रोज फोन करीन म्हणाली होती, एकदाही केला नाही. हात्सुयोनं कळवलं की घरात दिवसभर दिवा असतो, आवाज नसतो. एका पहाटे तिला सुमिए मागच्या दारी वाकून ओकताना दिसली. तोराओ तिच्या पाठीवर हात ठेवू की नको असा मागे उभा होता. नाहीच ठेवला.

सोमवारी संध्याकाळी ती परत आली. तोंड मातीसारखं झालं होतं. ती तिथेच राहील अशी माझी थोडी आशा होती, पण तिच्या हातातली बॅग बघून ती आशा गेली. मी मिसोचं सूप आणि भात वाढला. तिनं सगळं खाल्लं, अगदी शेवटच्या दाण्यापर्यंत.

"सांगितलं त्यांनी?" मी विचारलं.

"सगळं. मी विचारत गेले, ते सांगत गेले. मध्ये दोनदा थांबले. मी म्हटलं, पुढे."

"रडले?"

"नाही. त्यांना येत नाही गं रडता. लहानपणापासून येत नसेल."

"मग आता? जाशील परत?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "त्यांच्या तोंडाकडे बघितलं की आता ते सगळं दिसतं," ती म्हणाली, "आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाही तेच दिसत असणार." मी विचारणार होते, मग कळून मिळवलंस काय? विचारलं नाही. ज्याचं त्याला कळतं. ती कळून हलकी झाली असं मला आजही म्हणता येत नाही. रात्री तिच्या खोलीतून चालण्याचा आवाज येतो.

त्या संध्याकाळी भांडी धुवायला उठली तेव्हा नळाखाली हात धरून ती तशीच उभी राहिली.

"डाव्या पायात बूट नव्हता, ताई," ती म्हणाली. "मोजाही नव्हता. आणि डिसेंबर होता."

मी नळ बंद केला.