रूपालीची निवड

"काका, परवा निघालो," कुंद्याच्या मिठाईचा डबा नागोजींच्या पुढ्यात ठेवत सोनल म्हणाली. "बेल्जियमला. दोन वर्सं."

नागोजी खुर्चीत बसले होते. लुळा डावा हात मांडीवर ठेवलेला. ही निपाणीकडची मुलगी आपल्या लेकीच्या, रूपालीच्याच लॅबमध्ये काम करते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"तिथं काय शिकनार?"

"खानापूरच्या रानात गोचिडीपासनं ताप येतो न्हवं, माकडताप? तसल्या तापांवरचं संशोधन. आपल्यासारख्या देशांतल्या पोरांस्नीच ही फेलोशिप देतात. शिकून परत हितंच यायचं, अशी अट हाय."

"आमच्या रूपालीनं पण अर्ज केलता मागं," नागोजी हळू आवाजात म्हणाले. "तिला न्हाय मिळाली."

सोनलला नवल वाटलं. "न्हाय कशी? आक्काचं नाव पैलं हुतं की. तिनंच येत न्हाय म्हणून कळवलं. लॅबमधल्या सगळ्यांस्नी म्हाईत हाय."

रूपाली पाणी घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि सोनलनं निघायला पिशवी उचलली.

रूपालीनं अर्ज केला त्या वर्षी पेरणीच्या दिवसांत नागोजी अर्धांगाच्या झटक्यानं हिंडलग्याच्या शेतात कोसळले होते. आई आधीच गेलेली, घरात दुसरं कोणी नाही. निवड झाल्याचं कळलं तेव्हा रूपाली दवाखान्यात त्यांच्या उशाशी होती. घरी आणल्यावर त्यांनीच विचारलं, तुझ्या परदेशाचं काय झालं? झालं नाही, असं तिनं सांगितलं. तेव्हा नागोजींनी चांगल्या हातानं तिचा हात धरला होता आणि म्हणाले होते, "असू दे. हितं काय वाईट हाय?"

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं तिला वाटलं होतं. पुढच्या वर्षी कोरोना आला. मग तिचे आप्पा न्हाणीत पडले. मग पस्तिशीची अट ओलांडून गेली. लग्नाचं विचारणारेही हळूहळू विचारायचे थांबले. सकाळी शेजारच्या जयाबाईंना आप्पांजवळ बसवून ती स्कूटरनं लॅबला जायची. रानातून आलेले गोचीड सूक्ष्मदर्शकाखाली निवडायला नव्या पोरापोरींना शिकवायची. त्यांतली काही परदेशी जायची. जाताना पाया पडायची. दुपारचा डबा ती हल्ली एकटीच खायची. बरोबरचं कोणी उरलं नव्हतं आणि नव्यांना तिच्यासमोर मोकळं बोलता येत नसे.

सोनल गेल्यावर नागोजींनी कुंद्याला हात लावला नाही. दिवेलागणीला ते म्हणाले, "मला सांगाय पायजे हुतं."

"सांगून काय झालं असतं, आप्पा?"

"जा म्हटलो असतो."

"म्हणूनच न्हाय सांगितलं."

अंगणाकडं बघत त्यांनी विचारलं, "आता न्हाय का जाता येत?"

"वय गेलं की. तरण्यांसाठी असतंय ते."

"तू कुठं म्हातारी झालीस?"

तिनं औषधाची गोळी आणि मग पाणी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गोळी घेतली आणि भांडं स्वतःच खाली ठेवायला गेले. ते कलंडलं. रूपालीनं पाणी पुसून घेतलं. त्या दिवसापासून नागोजींचं बोलणं आणखी कमी झालं. जेवायला वाढलं तर जेवायचे. लॅबला निघताना ती "येतो, आप्पा" म्हणाली की नुसती मान हलवायचे. रागावलेत की काय, हे तिला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. घरात दोन माणसं होती आणि दिवसभरात दहा वाक्यंही होत नव्हती.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी सोनलचा व्हिडिओ कॉल आला. रूपाली भाकरी थापत होती. दोन शब्द बोलून तिनं फोन आप्पांच्या पुढ्यात तांब्याला टेकवून उभा केला. तव्यावर भाकरी होती म्हणून ती आत वळली.

"खाल्लीस काय गं कायतरी?" नागोजींनी विचारलं.

"व्हय काका, आत्ताच."

"थंडी लई हाय काय? अंगावर जाड घालतीस न्हवं?"

रूपालीचा हात पिठात थांबला.

"खोलीत उजेड येतो काय? खिडकी दाखव बघू. एकटीच ऱ्हातीस? तिथली मानसं नीट बोलत्यात न्हवं तुझ्यासंगं?"

सोनल हसत हसत एकेक उत्तर देत होती. एवढं सलग बोलणं आप्पांच्या तोंडून रूपालीनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. शेगडीच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून तिनं गॅस बंद केला. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची राहिली.

"आता घरातनं निघून कामावर कशी जातीस, वाटंत काय काय दिसतं, समदं सांग," आप्पा म्हणाले.

सोनल सांगू लागली. घराजवळून एक कालवा जातो. त्याच्या कडेनं ती सायकलवरून जाते.

"जरा मोठ्यानं बोल गं," स्वयंपाकघराकडं बघत आप्पा म्हणाले.

त्यांना चांगलं ऐकू येत होतं.