किंचित पिवळं पाणी

फ्रीजखालून आलेलं पाणी किंचित पिवळं होतं. लाल फरशीवर ते कळलं नसतं. पांढऱ्या रुमालाने टिपलं तेव्हा दिसलं. परवा आई याच पाण्यावरून घसरली आणि तिचं मनगट सुजलं, म्हणून मी घोडेगावहून आणि धाकटा भाऊ गोरख भोसरीहून शिनोलीला आलो होतो.

गोरखने येताना मोठी रिकामी बॅग आणली होती. आईने कायमचं त्याच्याकडे राहायला यावं, असं तो वर्षभर म्हणत होता. आई वर्षभर "बघू" म्हणत होती.

"ताई, कशाला खटपट करतीस? भंगारात दे. माझ्याकडं नवाकोरा फ्रीज हाय."

"भंगारात तुझी फटफटी घाल," आई म्हणाली.

मी प्लग काढला, मग भाजीचा कप्पा. खाली बोटभर पाणी साचलेलं. मागच्या भिंतीवरचं दव एका पन्हळीत उतरतं आणि तिच्यातल्या छिद्रातून बाहेरच्या ताटलीत जाऊन सुकतं. ते छिद्र पाकळ्यांनी गच्च भरलं होतं.

"आई, फ्रीजमध्ये झेंडू?"

"मारुतीचे हार. शनवारसाठी बायका शुक्रवारीच आणून ठिवत्यात."

"त्यांच्याकडं फ्रीज न्हाईत व्हय?" गोरखने विचारलं.

"हायेत की. समद्यांत अंडी-मटण. देवाचा हार कुठं ठिवतील? आळीत सोवळ्यातला माझाच एक."

चिमट्याने निघाल्या तेवढ्या पाकळ्या काढल्या. गुरांच्या इंजेक्शनची जुनी सिरिंज होती. सुई काढून त्या सिरिंजने मी छिद्रात कोमट पाणी दाबलं. तिसऱ्या वेळेला वाट मोकळी झाली. पन्हळीत वाटीभर पाणी ओतलं, तेव्हा मागच्या ताटलीत टपटप ऐकू आली.

"हार आता झाकणाच्या डब्यात ठेव," मी आईला सांगितलं.

फ्रीज पुन्हा सुरू केला. दोन तासांनी खालून रुमाल फिरवून गोरखला दाखवला. कोरडा होता.

"आज हे झालं, उद्या दुसरं कायतरी व्हईल," तो म्हणाला. "आई, कपडे भरू का?"

तेवढ्यात शेजारच्या इंद्रायणीकाकू दारात आल्या. "साळूआक्का, हार आणलेत. जागा हाय का?"

आईने बऱ्या हाताने फळीवरचा मोठा डबा काढला, झाकण उघडून काकूंपुढे धरला आणि मग वळली.

"गोरख, बॅग रिकामीच घिऊन जा. मी भोसरीला येणार न्हाई."