तीन हजार वर्षांपूर्वीचा जबडा

यमुनाबाईंनी पुस्तक टीपॉयवर पालथं ठेवलं आणि मागच्या फोटोवर बोट टेकवलं. बोट लेखकाच्या चेहऱ्यावर नव्हतं. लेखकाने हातात धरलेल्या जबड्यावर होतं.

“हे दात माज्या कचरूचे हायेत.”

दत्तप्रसाद निजसुरे चष्मा काढून पुसू लागले. कोथरूडच्या त्या दुसऱ्या मजल्यावर वाचक येत ते सही घ्यायला. क्वचित कुणी कादंबरीतली शास्त्रातली चूक दाखवायला येई. पुण्यात तशा माणसांना तोटा नाही, आणि त्यांना चहा विचारायचीही पद्धत नाही. असलं काही घेऊन मात्र आजवर कुणी आलं नव्हतं.

“बाई, तो जबडा तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे,” ते म्हणाले. “तुमचा मुलगा कधी...?”

“पाच वर्सं झाली पोळ्याला.”

यमुनाबाई हिंगोलीकडच्या. कचरू वारज्याच्या पुढे एका कॉम्प्युटर कंपनीच्या इमारतीचा पाया खणायला आला होता. एक दिवस मुकादमाने गावी निरोप धाडला, पोरगं उचल घेऊन पळालं. त्या आल्या तेव्हा पत्र्याच्या खोलीत कचरूची नवी चप्पल तशीच होती. पळून जाणारा माणूस नवी चप्पल ठेवून जातो व्हय, असं त्यांनी तेव्हा सगळ्यांना विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्या गावी परत गेल्याच नाहीत. वारज्यातच चार घरची धुणीभांडी धरली. त्यांतल्या एका घरातली सॉफ्टवेअरवाली मुलगी रविवारी पाय पसरून ही कादंबरी वाचत होती, आणि यमुनाबाई फरशी पुसत समोर आल्या.

“फुडचा दात दुसऱ्यावर चढलाय बगा. आन ह्यो अर्धा तुटका. सात वर्सांचा असताना हापशाचा दांडा लागला व्हता.”

“दात पुष्कळांचे तुटतात.”

“तुटतात की. पर आई एकाचीच आसती.”

निजसुऱ्यांनी हसल्यासारखं केलं.

तो जबडा त्यांच्याकडे कसा आला, ती गोष्ट ते व्याख्यानांतून रंगवून सांगत. दोन हजार साली त्याच आवारात दुसऱ्या इमारतीचा खड्डा घेताना हाडं निघाली. इन्स्पेक्टर भीमराव त्यांचे वाचक. पुरातत्त्ववाल्यांना बोलवावं तर काम सहा महिने बंद, आणि बिल्डर डोक्यावर बसलेला. त्यापेक्षा सर जवळ राहतात. सर स्कूटरवरून आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, वाचन दांडगं. सांगाड्याला घोट्याखाली पावलंच नव्हती. दख्खनच्या जुन्या वस्त्यांत मेलेल्याची पावलं तोडून पुरत, तो उठून चालू लागू नये म्हणून, हे सरांनी वाचलेलं होतं. शेजारी एक खापरही सापडलं. झालं! सरांनी तिथल्या तिथे मांडीवर थाप मारली. पंचनाम्यात ‘प्राचीन’ असं लिहिलं गेलं, तिसऱ्या दिवशी वर काँक्रीट पडलं, आणि जबडा तेवढा अभ्यासासाठी कोथरूडला आला. वर्षभरात कादंबरी निघाली. आता सहावी आवृत्ती चालू होती, आणि सरांनी नोकरी केव्हाच सोडली होती.

“त्या सांगाड्याला पावलं नव्हती,” ते शिकवल्यासारखं सांगू लागले. “त्या काळी अशी प्रथा होती, की...”

“हाडं निघाली त्या दिशी पावलं मशीननं तोडली. गमबुटासकट मातीत गेली. मशीनवरच्या संपतनं डोळ्यांनी बगितली. मुकादमानं त्याला दम दिला, गप बस म्हून. औंदा त्याचा सोताचा लेक वारला, तवा माज्या दारात यिऊन रडला.”

निजसुऱ्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तुमचं म्हणणं तरी काय आहे?”

“त्येचा आसंल तर द्या. गंगाखेडला न्हेऊन गंगेत सोडते. सून पाच वर्सं मला इचारती, कुंकू लावू का पुसू. काय सांगू तिला?” यमुनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “आन त्येचा नसंल तर मला नगं. दुसऱ्याच्या लेकराचं म्या काय करू?”

“ते कसं ठरवायचं?”

“तुमच्या पुस्तकात हाय की. त्या पोरीनं वाचून दावलं. हाड जाळून बगतो त्यो तुमचा मानूस.”

तेराव्या प्रकरणात होतं ते. हाड खरंच प्राचीन असेल तर आचेवर नुसतं काळं पडतं. अलीकडचं असेल तर केस जळल्यासारखा वास सुटतो. कादंबरीतल्या संशोधकाला अर्थातच वास आला नव्हता.

“करा की तसं,” यमुनाबाई म्हणाल्या. “म्या बसते.”

निजसुरे उठले. काचेच्या कपाटातून, मखमलीच्या तुकड्यावरून त्यांनी जबडा काढला आणि टीपॉयवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. यमुनाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. जबड्याच्या कोपऱ्याचा एक टवका आधीच उडालेला होता. त्याच्या शेजारचा कण निजसुऱ्यांनी पकडीने तोडला.

“धुराचा त्रास होईल तुम्हाला. इथेच बसा.”

स्वयंपाकघराचं दार त्यांनी लावून घेतलं. तिथली खिडकी जिन्याकडे उघडते. ती त्यांनी आधी सताड उघडली, मग एक्झॉस्टचा पंखा लावला, आणि त्यानंतर गॅस पेटवला. बाहेर यमुनाबाई एकट्याच त्या जबड्याकडे बघत राहिल्या. मध्येच त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून दाताच्या फटीतली धूळ पुसली. लहानपणी अंघोळ घालताना पोराचं तोंड पुसावं, तसं.

पाच-सात मिनिटांनी दार उघडलं. निजसुऱ्यांच्या हातात बशी होती, बशीत कोळशासारखा कण. तो त्यांनी नळाखाली धरून गार केला होता. बशीत पाणी साचलेलं होतं.

“नुसतं काळं पडलं,” ते म्हणाले. “वास नाही.”

यमुनाबाईंनी बशी नाकाशी नेली. मग खाली ठेवली.

“न्हाई का?”

“नाही. वाईट वाटतं, पण शास्त्राला दयामाया नसते.”

“दात कसे बाई इतके सारखे...” त्या पुटपुटल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पुस्तक उचलून पिशवीत घातलं; ते त्या मुलीला परत द्यायचं होतं. “माजंच येडं मन. तरास दिला तुमाला, सायेब.”

त्यांनी हात जोडले. निजसुऱ्यांनीही जोडले. त्यांना लाज वाटली असली तरी ती चेहऱ्यावर आली नाही.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि मेथीच्या जुड्या सांभाळत नंदाताई आत आल्या. नाकाला पदर.

“अहो, काय जाळताय काय? सगळ्या जिन्यात केस जळल्याचा वास भरलाय! खालच्या काकू दार उघडून उभ्या आहेत, मला विचारतायत कुणाचं काय पेटलं.”

“काही नाही. तू आत जा, नंदा.”

“जाते, पण हा तोच घाण वास. तुमचं पुस्तक छापायला जायचं होतं ना, त्याच्या आदल्या दिवशीचा. तेव्हा म्हणालात, कंगव्यातले केस बर्नरवर पडले.” त्यांनी मेथी टीपॉयजवळ टेकवली. “मी मनात म्हटलं, यांच्या डोक्यावर केस आहेत कुठे पडायला!”

कुणीच हसलं नाही. नंदाताईंनी पहिल्यांदा पाहुणीकडे नीट पाहिलं, आणि मग वर्तमानपत्रावरच्या जबड्याकडे.

“तवापास्नं ठावं व्हतं,” यमुनाबाई म्हणाल्या. त्या निजसुऱ्यांशी बोलतच नव्हत्या.

“काय ठाऊक होतं? कोण आपण?”

यमुनाबाईंनी सांगितलं. पोराचं नाव, वारज्याचा खड्डा, हापशाचा दांडा. जळक्या हाडाचंही सांगितलं. नंदाताई उभ्यानेच ऐकत होत्या. एकदा त्यांनी नवऱ्याकडे वळून पाहिलं.

“खरं आहे हे?”

“पुस्तक दुसऱ्या दिवशी प्रेसला जायचं होतं, नंदा. तीन हजार प्रती. आणि एका वासावरून काही सिद्ध होत नाही, त्याला नीट प्रयोगशाळा...”

“मग न्यायचंत की प्रयोगशाळेत. दोन वर्षं होती.”

निजसुरे खुर्चीत बसले.

यमुनाबाईंनी तोवर जबडा उचलला होता. दोन्ही तळव्यांवर घेऊन त्या उभ्या होत्या आणि आता त्यांना रडू आवरत नव्हतं. त्या म्हणाल्या, “बाई, धुतलेलं फडकं हाय का येखादं?”

नंदाताई आत गेल्या आणि कपाटातलं पांढरं सुती उपरणं घेऊन आल्या. दोघींनी मिळून ते गुंडाळलं. मग नंदाताईंनी दाराशी काढलेल्या चपला परत पायांत घातल्या.

“तू कुठे निघालीस?” निजसुऱ्यांनी विचारलं.

“चौकीवर. यांचं एकटीचं तिथे कोण ऐकणार आहे?” त्यांनी यमुनाबाईंच्या कोपराला हात दिला. “आणि वास दोन्ही वेळेला मलाच आलाय.”